१९४२ आणि तीन गुलाट्या

१९४२ हा गेम कंटाळवाणा आहे, असं हल्ली बरेच जण म्हणतात. त्याच विमानांच्या झुंडी, तोच समुद्र, तीच बेटं फिरून फिरून. मान्य. तरीही खालून वर सरकणाऱ्या विमानांच्या गेममध्ये याच्याइतका हिशोबी गेम मी दुसरा पाहिला नाही. आणि ही सगळी करामत एका बटणाची.

कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९८४ च्या शेवटी आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवर, आणला. बनवणारा योशिकी ओकामोतो. हा गडी आधी कोनामी या दुसऱ्या गेम कंपनीत होता, तिथे टाइम पायलट आणि जायरस हे गेम करून बाहेर पडलेला. पुढे स्ट्रीट फायटर टू या मारामारीच्या गेममागेही तोच. तेव्हा आर्केडमध्ये नामको कंपनीच्या झेवियस या विमानाच्या गेमचा दबदबा होता. त्यात हवेतल्या शत्रूला एक बटण, जमिनीवरच्याला बॉम्ब टाकायला दुसरं. ओकामोतोने जमिनीवरची लढाईच काढून टाकली आणि दुसरं बटण दिलं जीव वाचवायला.

ते दाबलं की विमान हवेत गुलाटी मारतं, पडद्याच्या जवळ येऊन मोठं दिसतं आणि तेवढ्या वेळात गोळी लागत नाही. पण तेवढ्या वेळात तुम्हालाही गोळी झाडता येत नाही. आणि अशा गुलाट्या मिळतात फक्त तीन. खाली कोपऱ्यात आर, आर, आर दिसत असतात, त्यातला एक गेला की पोटात गोळा येतो. बरं, मोठी बॉम्बर विमानं पुढून येत नाहीत, तुमच्या पाठीमागून, पडद्याच्या तळातून वर चढतात. तुम्ही गोळ्या चुकवत मागे सरकलेले असता, नेमके त्याच वेळी. तिथे गुलाटी मारायची की बाजूला सटकून त्या बॉम्बरच्या मागे लागायचं, हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं. लोभ वेगळाच: लाल विमानांची अख्खी टोळी पाडली तर पीओडब्ल्यू लिहिलेलं बक्षीस पडतं, चार गोळ्यांचा मारा मिळतो नाहीतर दोन्ही बाजूंना दोन छोटी विमानं येतात. त्या लाल टोळीतलं शेवटचं विमान पाडायच्या नादात जेवढे लोक मेले असतील, तेवढे बॉसपुढे, म्हणजे गेममधल्या सगळ्यात तगड्या शत्रूपुढेही नसतील.

गंमत म्हणजे बहुतेक जण तीनही गुलाट्या शिल्लक ठेवून मरतात. पुढे लागतील म्हणून जपायच्या, आणि पुढचं येतच नाही.

आपल्याकडे बहुतेकांना हा गेम आर्केडमध्ये नाही, टीव्हीला जोडायच्या नकली डब्यांवर भेटला. फॅमिकॉम या घरी खेळायच्या जपानी गेम-यंत्राची नक्कल, आणि '९९९९ इन १' वाली पिवळी कॅसेट, ज्यात खरे गेम मूठभर आणि बाकी त्यांचीच नावं बदलून. हे फॅमिकॉमचं रूप आर्केडपेक्षा बरंच फिकं होतं. आणि आर्केडसारखंच इथेही दोघांना एकत्र उडवता यायचं नाही, आळीपाळीने खेळायचं. 'आउट झालास ना, दे रिमोट' या वाक्यावर घरोघरी किती भावंडं भांडली असतील!

आता इतिहासाबद्दल, कारण तिथे मात्र माझी कुरबुर आहे. जपानी कंपनीने केलेल्या गेममध्ये आपण अमेरिकन विमान घेऊन टोकियोच्या दिशेने जायचं आणि वाटेत जपानी विमानं पाडायची. मिडवे, रबौल, सायपान, इवो जिमा अशी पॅसिफिकमधल्या युद्धाच्या ठिकाणांची नावं घेत ३२ टप्पे, आणि प्रत्येक वेळी विमानवाहू जहाजावरून उड्डाण. पण आपलं विमान आहे पी-३८ लाइटनिंग! दोन बूमचं, म्हणजे मागे शेपटीपर्यंत दोन लांब दांडे असलेलं, जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडणारं. त्याचा जहाजाशी संबंध काय? १९४२ साली जहाजावरून निघून टोकियोवर हल्ला खरोखर झाला होता, १८ एप्रिलला, पण त्यात हॉर्नेट या अमेरिकन विमानवाहू जहाजावरून उडालेली १६ बी-२५ बॉम्बर होती. पी-३८ ने जपानी आरमाराचे सेनापती ॲडमिरल यामामोतोंचं विमान पाडलं ते बरोबर एक वर्षाने, १८ एप्रिल १९४३ ला. म्हणजे गेममधलं युद्ध हा निव्वळ रंगवलेला पडदा. म्हणूनच कदाचित तो जपानमध्ये कुणाला बनवता आला. माणसं नाहीत, शहरं नाहीत, टप्पा संपला की किती टक्के विमानं पाडली एवढा आकडा.

१९८७ ला आलेला याचा पुढचा गेम, १९४३, जास्त चांगला, असं जाणकार सांगतात. दोघांना एकत्र खेळता येतं, शेवटी यामातो ही जपानी युद्धनौका आहे, चित्रंही देखणी. पण त्यात एका गोळीने मरण नाही, त्याऐवजी हळूहळू उतरणारी इंधनाची पट्टी. एकदा पट्टी आली की चूक झाली तरी 'थोडं कमी झालं' एवढंच वाटतं. हल्लीचे मोबाइलवरचे विमानांचे गेम तर त्याच्याही पुढे गेले. गोळ्या आपोआप सुटतात, मेलात तर जाहिरात बघा आणि जिवंत व्हा. तिथे गुलाटी जपायची तरी कशासाठी?

कुणाला मूळ आर्केडचा गेम खेळून बघायचा असेल तर कॅपकॉम आर्केड स्टेडियम या जुन्या गेमच्या संग्रहात तो विकत मिळतो. फक्त आवाज बंद ठेवा. ती शिट्टी आणि ताशासारखी खडखड याचं समर्थन मीसुद्धा करणार नाही.