शेजारच्या कार्यालयातील कपाट मिळवण्याविषयी

आपली नुकतीच नव्या कार्यालयात बदली झाली असेल, नस्त्या (म्हणजे फायली) जमिनीवर रचून ठेवाव्या लागत असतील आणि भिंतीपलीकडच्या दुसऱ्या सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात चार लोखंडी कपाटे पावसाची झड सोसत उभी असलेली रोज दिसत असतील, तर मनात येणारा पहिला विचार कृपया दाबून टाकावा. तो विचार असा असतो की, त्यांना ती नको आहेत, आपल्याला हवी आहेत आणि दोन्ही कार्यालये एकाच सरकारची आहेत, तेव्हा एक कपाट उचलून आणावे. इतक्या सरळ मार्गाने कपाट आणणाऱ्या माणसाला आपल्याकडे कार्यक्षम म्हणत नाहीत. त्याच्या नावे ऑडिट पॅरा, म्हणजे लेखापरीक्षकांचा लेखी आक्षेप, निघतो.

ती कपाटे आपल्याला टाकून दिलेली दिसत असली, तरी डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे कार्यालयाच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, ती सुखाने नांदत आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. केंद्र सरकारच्या कार्यालयांना लागू असलेल्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१७ प्रमाणे, एखादी वस्तू अतिरिक्त, कालबाह्य किंवा निरुपयोगी ठरवायची असेल, तर तिच्या खरेदीचा अधिकार ज्याला आहे त्याने तशी कारणे लेखी नोंदवावी लागतात. ‘कारणे’ हा शब्द आपण वाचून पुढे जाल. पण निवृत्तीला चौदा महिने उरलेले शेजारचे अधिकारी त्या शब्दापाशी थबकतात. धडधाकट कपाट नकोसे का झाले, असा प्रश्न उद्या कोणीही विचारू शकतो. तेच कपाट गंजून त्याचा तळ गळून पडला की प्रश्न आपोआप मिटतो. हलगर्जीपणाने वस्तू निकामी झाल्यास जबाबदारी निश्चित करावी, असेही तोच नियम सांगतो खरा, पण चार पावसाळ्यांवर जबाबदारी निश्चित करता येत नाही, कारण पावसाला सेवापुस्तक नसते. त्यामुळे चांगली वस्तू दुसऱ्याला देण्यात जितका धोका आहे, तितकी ती स्वतःजवळ कुजवण्यात निर्धास्ती आहे, आणि आपल्याला कपाट मिळवायचे असेल तर ही निर्धास्ती भंग होणार नाही अशाच बेताने पावले टाकावीत.

पत्र लिहिताना ‘एक कपाट द्यावे’ असे मुळीच लिहू नये. ‘आपल्या कार्यालयातील अतिरिक्त जडवस्तूंची माहिती या कार्यालयास उपलब्ध व्हावी’ असे लिहावे. दोन स्मरणपत्रांनंतर उत्तर येईल: ‘माहिती निरंक’, म्हणजे कळवण्याजोगे काहीच नाही. खिडकीतून चारही कपाटे दिसत असताना माहिती निरंक कशी, असे उलट विचारण्याचा मोह आवरावा. दिसणे ही डोळ्यांची बाब आहे, आणि माहिती अभिलेखावरून दिली जाते.

कर्मधर्मसंयोगाने कपाटे निरुपयोगी ठरवण्यासाठी शेजारी समिती नेमली गेलीच, तर हुरळून जाऊ नये. समितीपुढे पुस्तकी मूल्य, मार्गदर्शक किंमत आणि राखीव किंमत ठरवण्याचे काम असते. पुस्तकी मूल्य काढता येत नसेल तर मूळ खरेदीची किंमत धरावी, अशी सवलत नियमाने दिली आहे. मूळ खरेदीचे बिल मात्र बहुधा त्याच चारपैकी एका कपाटात असते आणि त्या कपाटाची किल्ली आधीच्या भांडारपालाने चार्ज देताना दिलेली नसते. कुलूप तोडावे म्हटले तर ती सरकारी मालमत्तेची हानी, आणि तोडू नये म्हटले तर किंमत ठरत नाही.

नियम २१८ आपण वाचलाच असेल तर तो वाचल्याचे कोणाला कळू देऊ नये. शिल्लक मूल्य दोन लाख रुपयांहून अधिक असल्यास जाहीर निविदा किंवा लिलाव करावा, आणि त्याहून कमी असल्यास जागा अडू नये व वस्तूची किंमत घटत जाऊ नये याचे भान ठेवून सक्षम अधिकाऱ्याने स्वतःच पद्धत ठरवावी, असे त्यात आहे. चार गंजक्या कपाटांचे काही दोन लाख होत नाहीत, म्हणजे साहेबांना उद्या सकाळी निर्णय घेता येईल, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांच्या मनाला लागते. स्वतः ठरवण्यापेक्षा कपाटांच्या शेजारी आणखी कूलर, टाइपरायटर आणि मोडक्या खुर्च्या जमू द्याव्यात, ढीग दोन लाखांपलीकडे वाढवावा आणि मग सगळा भार एमएसटीसीच्या ई-लिलावावर सोपवावा, हे कोणालाही पटण्याजोगे आहे. (कोलकात्याची ही सरकारी कंपनी १९६४ साली धातूच्या भंगाराच्या व्यापारासाठीच निघाली होती.) जीपगाड्यांचे नशीब या बाबतीत थोर. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाल्यामुळे तिथे कोणालाच काही ठरवावे लागत नाही. वय भरले की गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रावर जाते. कपाटाला जन्मतारीख नसल्यामुळे त्याचे वार्धक्य साहेबांच्या सहीवर अवलंबून राहते.

राज्य शासनाच्या सेवेत असाल तर नियमांची पुस्तके वेगळी मिळतील आणि ‘निर्लेखन’ (वस्तू नोंदीतून कायमची कमी करणे) हा भारदस्त शब्द रोज कानी पडेल. धीराचे शिक्षण घ्यायचे असल्यास जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेतील पडायला आलेल्या वर्गखोलीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव कोणकोणत्या टेबलांवरून जातो, ते एकदा पाहून यावे.

केंद्रीय कार्यालयांत २०२१ पासून दर ऑक्टोबरमध्ये स्वच्छतेची विशेष मोहीम असते आणि अडगळ काढून किती जागा मोकळी झाली, हे कळवावे लागते. त्या महिन्यात व्हरांडा अचानक रिकामा दिसला तर कपाटे गेली असे समजू नये. मागच्या जिन्याखाली एक फेरी मारावी. तिथेही नसली, तर मात्र ती लिलावात निघाली असतील. लिलावातही गिऱ्हाईक न मिळाल्यास भंगाराच्या भावाने, आणि तसेही न खपल्यास पर्यावरणाला धक्का न लावता नष्ट करण्यापर्यंतची वाट नियमांनी आखून दिली आहे. या वाटेवर आपले कार्यालयही लागते, पण तिथे थांबण्याचे कोणाला सुचत नाही.

आता खरा उपाय सांगतो. शुक्रवारी दुपारी शेजारच्या भांडारपालांना चहा पाजावा आणि एक कपाट ‘तात्पुरत्या स्वरूपात, परतीच्या अटीवर’ साध्या ताबा पावतीवर आणावे. तात्पुरत्याला मुदत नसते. त्यांच्या रजिस्टरात कपाट कायम राहते, आपल्या रजिस्टरात ते येत नाही, आणि नस्त्या जमिनीवरून वर उठतात. एवढेच की स्थावर व जडवस्तूंची प्रत्यक्ष पडताळणी वर्षातून एकदा तरी व्हावी, असा नियम आहे. त्या दिवशी सकाळी लवकर येऊन नस्त्या पुन्हा जमिनीवर उतरवाव्यात, चार माणसे लावून कपाट भिंतीपलीकडच्या व्हरांड्यात त्याच्या जुन्या जागी नेऊन ठेवावे, आणि पडताळणी अधिकाऱ्यांचे जेवण आटोपून ते निघेपर्यंत त्याच्याकडे खिडकीतूनदेखील पाहू नये.