आठव्या ओळीला कोण आलं?

वेणीचा स्वेटर विणणाऱ्या बाईकडे लोक आदराने बघतात, आणि तो आदर हमखास भलत्याच जागी पडतो. “एवढे पीळ कसे गं घालतेस?” असं विचारतात. पीळ घालणं हा या सगळ्या खटाटोपातला सोपा भाग. सहा सुलट (पुढून गुळगुळीत दिसणारे) टाके असतात, दोन्ही अंगांना दोन-दोन उलट (पुढून गाठींसारखे दिसणारे), म्हणजे वेणी उठून दिसते. सहातले पहिले तीन एका आखूड, दोन्ही टोकांना निमुळत्या सुईवर उतरवायचे आणि ती सुई कापडाच्या पुढे लोंबत सोडायची. पुढचे तीन सुलट विणायचे, मग ते लोंबणारे तीन. झाला पीळ. सुई पुढे ठेवली तर तो डावीकडे झुकतो, मागे ठेवली तर उजवीकडे. ज्याला बुटाची नाडी बांधता येते त्याला हे येतं.

खरं तर ही वेणीही नव्हे. दोन पेडांचा तो दोर. आपल्या आयांनी तेल चोपडून घातलेली तीन पेडांची वेणी हवी असेल तर नऊ टाके लागतात: एकदा उजवीकडचे तीन सुईवर घेऊन मागे धरायचे आणि मधल्या तिनांना पुढून जाऊ द्यायचं, चार ओळींनी मधले तीन पुढे धरायचे आणि डावीकडच्यांना मागून. पण दुकानदारापासून नणंदेपर्यंत सगळे दोरालाच वेणी म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

अवघड असतं ते मोजणं. सात ओळी साध्या, आठवीला पीळ, एवढाच नियम. त्या सात ओळींत घरात कुणालाही तुमची गरज नसते. आठव्या ओळीला, तीन टाके हवेत लोंबत असताना, बेल वाजते. सिलेंडर येतो. चार्जर हरवतो. “कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?” हा प्रश्न येतो, आणि मोजणारी बाई घरात एकच असल्यामुळे तुमच्याकडेच येतो. परत येऊन बसल्यावर ही सहावी ओळ होती की आठवी, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

यावर एक उपाय आहे आणि तो कागदापेक्षा पक्का आहे. पिळाच्या कडेला, वेणी आणि उलट टाके यांच्या सांध्यात कापड जरा ताणलं की एक भोक दिसतं. मागून त्यात करंगळी घालायची. करंगळीपासून वरच्या सुईपर्यंत शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात, एक धागा म्हणजे एक ओळ. पिळाच्या ओळीचा धागा त्यात धरायचा की नाही, यावर घरोघरी मतभेद आहेत. एकदा पीळ घातल्याबरोबर मोजून बघा, म्हणजे आपलं घर कुठलं ते कळेल.

आता लोकर. आपल्या दुकानात ‘लोकर’ म्हणजे बहुतेक वेळा ॲक्रिलिक. त्याबद्दल माझा राग नाही, धुवायला ते सोपं. पण शंका असेल तर बोटभर धागा काडीने पेटवून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटाने चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. हे दुकानात करू नये, घरी आल्यावर करावं. ॲक्रिलिकच्या वेणीवर कुणी प्रेमाने गरम इस्त्री फिरवली की ती कायमची झोपते, मग ती शेवयांसारखी दिसते.

छातीचं माप ३८ इंच असेल तर तयार वेस्ट, म्हणजे बिनबाह्यांचा स्वेटर, ४० इंचांचा हवा. डबल निटिंग, म्हणजे मध्यम जाडीच्या, लोकरीच्या पन्नास ग्रॅमच्या नऊ गुंड्या लागतील, दहा घ्याव्यात, आणि सगळ्या एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या. लॉट नंबर कागदी पट्टीवर असतो आणि तो कुणीच वाचत नाही. महिन्याभराने आणलेली दहावी गुंडी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली अगदी जुळते आणि घरी उन्हात नेली की वेस्टला पोटावर आडवा पट्टा येतो. अशी वेळ आलीच तर जुन्या-नव्या गुंडीच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा, पट्टा पुसट होतो.

सुयांचा घोळ वेगळाच. आपल्याकडे जुन्या इंग्रजी पद्धतीचे नंबर चालतात: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटी गंगा. तिथली ८ नंबर ५ मिलिमीटरची आणि १० नंबर ६ ची. डोंबिवलीत बसून अमेरिकन व्हिडिओ बघायचा आणि ‘आठ नंबर’ ऐकून खणातली आठ नंबर काढायची, म्हणजे काकांसाठी सुरू केलेला वेस्ट पुतण्यालाही घट्ट होतो. मिलिमीटरवर विश्वास ठेवावा, नंबरावर नाही.

आणि दहा सेंटिमीटरचा नमुना विणून मोजावा. सगळे सांगतात, कुणी करत नाही, मीही वर्षातून एखाद्याच वेळी करते. साध्या विणीत ४ मिलिमीटरच्या सुईवर दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसल्या, तर ४० इंची वेस्टच्या पुढच्या भागाला ११२ टाके होतात. इथे माणूस खुश होतो आणि फसतो. कारण पीळ कापड आखडून घेतो. सहा टाक्यांची एक वेणी साधारण दोन टाक्यांची रुंदी गिळते. पुढे पाच वेण्या, मागे पाच वेण्या, म्हणजे एकूण वीस टाके, म्हणजे नऊ सेंटिमीटर. ४० इंचांचा वेस्ट साडेछत्तीसवर येतो आणि ज्याच्यासाठी विणला तो श्वास रोखून “छान झालाय” म्हणतो. म्हणून काठ ११२ टाक्यांवर, १० नंबरच्या सुयांनी, एक सुलट एक उलट असा सहा सेंटिमीटर विणायचा, आणि तो संपल्यावर सुया बदलताना प्रत्येक वेणीच्या जागी दोन टाके वाढवून १२२ करायचे.

चूक पिळात होतेच. डावीकडे जायचा पीळ उजवीकडे जातो, आणि तो वीस ओळींनंतर दिसतो, तोही आपल्याला नाही, चहा द्यायला आलेल्या माणसाला. सगळं उसवायचं नाही. फक्त ते सहा टाके सुईवरून सोडायचे आणि चुकीच्या ओळीपर्यंत शिडीसारखे खाली उतरवायचे. मग दोन जादा सुयांनी त्याच सैल धाग्यांतून ओळीमागून ओळ पुन्हा वर विणत यायचं. दहा मिनिटं घर स्तब्ध हवं. शेवटी टाके थोडे सैल-घट्ट दिसतात, ते धुतल्यावर बसतात.

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी आरन नावाची तीन बेटं आहेत, वेण्यांच्या स्वेटरांसाठी प्रसिद्ध. प्रत्येक कोळ्याच्या घराण्याची वेणी वेगळी आणि बुडालेला माणूस तीवरून ओळखत, ही कथा विकणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे, खरी नाही. १९०४ साली रंगमंचावर आलेल्या एका आयरिश नाटकात मात्र बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती साध्या मोज्यावरून: साठ टाके घातले होते, चार गाळले होते. स्वेटरही नाही आणि वेणीही नाही, टाक्यांचा हिशेब. मला ते पटतं. माझ्या विणकामाची ओळखही अशीच पटेल.

छत्तीस सेंटिमीटर सरळ विणून झाले की मुंढा, म्हणजे हात घालायची जागा, येतो, आणि कृतीत दोन शब्द येतात: ‘त्याच वेळी’. विणकामाच्या पुस्तकातला हा सर्वांत कपटी शब्दप्रयोग. मुंढ्याला सात टाके बंद करा, मग दर दुसऱ्या ओळीला एक टाका घटवा, असं आठ वेळा. त्याच वेळी व्ही गळ्यासाठी दर चौथ्या ओळीला एक घटवा, असं अठरा वेळा. त्याच वेळी दर आठव्या ओळीला पीळ. तिन्हींची सुरुवात वेगवेगळ्या ओळीला. मुंढा २४ सेंटिमीटर, म्हणजे ७२ ओळी, आणि चार गुणिले अठराही ७२. म्हणजे गळा मुंढ्याबरोबर सुरू केला तर खांद्याला एकही सरळ ओळ उरत नाही. दोन सेंटिमीटर आधीच सुरू करा. गणिताची चौकटीची वही घ्या, एक चौकट एक ओळ, तीन रंगांची पेन्सिल. डोक्यात ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांच्या गळ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात.

गळा फुटतो तो नेमका मधल्या वेणीत. नुकताच पीळ घातल्यावर लगेच ती तीन-तीन टाक्यांत वाटून घ्या, म्हणजे एकेक पेड गळ्याच्या कडेने वर चढत जातो, आणि घट त्या पेडाच्या बाहेरच्या अंगाला करा. एवढी एक जागा साधली की बाकी वेस्ट कसाही असो, बघणारा गप्प बसतो. खांद्याला टाके बंद करताना प्रत्येक वेणीवर दोन टाके एकत्र घेऊन घटवायला विसरू नका, नाहीतर वेणीचं टोक पंख्यासारखं पसरतं.

मुंढ्याच्या पट्टीला दर चार ओळींमागे तीन टाके उचला. चार उचलले की पट्टी झालरीसारखी फुलते, दोन उचलले की चुण्या पडतात आणि काखेत काचते.

मग कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवायचा. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा. दांडीवर टांगायचा नाही, ओल्या लोकरीच्या वजनाने तो गुडघ्यापर्यंत येतो. गादीवर चादर टाकून, मापात ताणून, कडेने टाचण्या लावून आडवा वाळवायचा. दोन दिवस गादी अडते. निफाडचा पारा उतरल्याच्या बातमीने सुरू केलेला वेस्ट इथवर येतो तेव्हा होळी तोंडावर असते, त्यामुळे वाळवायला पंखा वेगळा लावावा लागत नाही.