‘ओटीपीने मतदानयंत्र उघडले’ : मुंबई उत्तर-पश्चिमच्या दाव्याचा प्रतिवाद

२०२४ ची लोकसभा निवडणूक होऊन बराच काळ लोटला, तरी मुंबईतील एका निकालाविषयीचा मजकूर अजूनही हातोहात फिरतो आहे आणि प्रत्येक नव्या निवडणुकीच्या तोंडावर नव्याने डोके वर काढतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात ठाकरे यांच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर जिंकले होते, गोरेगावच्या नेस्को संकुलातील मतमोजणी केंद्रात शिंदे यांच्या शिवसेनेचे उमेदवार रवींद्र वायकर यांच्या नातेवाइकाने मोबाइलवर ओटीपी मागवून मतदानयंत्र उघडले आणि ४८ मतांनी निकाल फिरवला, विकल्या गेलेल्या माध्यमांनी ही बातमी दाबली, पुढे विधानसभेत हाच प्रयोग लाखो मतांवर झाला, आणि यंत्र तपासून पाहण्याची मुभा या देशात कोणालाच मिळत नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांमध्ये लोकशाहीची मनापासून काळजी असणारी माणसे पुष्कळ आहेत, म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते. निवडणूक यंत्रणेला विचारण्यासारखे खरे प्रश्न आपल्याकडे आहेत, आणि या मजकुराने त्यांची जागा अडवून धरली आहे.

पहिला दावा ओटीपीचा. आपले मतदानयंत्र तीन भागांचे असते. मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट, केंद्राध्यक्षांच्या टेबलावर असते ते कंट्रोल युनिट आणि चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट. हे तिन्ही भाग केबलने एकमेकांना जोडलेले असतात. त्यांत सिमकार्ड नसते आणि इंटरनेट वा ब्लूटूथची सोयही नसते, त्यामुळे ओटीपी स्वीकारण्याचा मार्गच यंत्रात नाही. मतमोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिट टेबलावर येते, त्यावरील मोहोर उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवली जाते, मग ती तोडून निकालाचे बटण दाबले जाते आणि पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा येतो. जाळीपलीकडे बसलेले प्रतिनिधी तो आकडा आपल्या कागदावर टिपून घेतात, आणि मतदानाच्या संध्याकाळी केंद्राध्यक्षांनी भरून दिलेल्या १७ सी नमुन्यातील एकूण मतांशी तो जुळतो की नाही, हे तिथल्या तिथे पाहतात.

मग ओटीपी आला कुठून? प्रत्येक फेरीचे आकडे कागदावर आले की ते निवडणूक आयोगाच्या ‘एन्कोअर’ या संगणक प्रणालीत भरले जातात, जेणेकरून संकेतस्थळावर आणि वाहिन्यांवर कल दिसावेत. या प्रणालीत शिरण्यासाठी संबंधित अधिकाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तेथे कोणी चुकीचा आकडा भरलाच, तर संकेतस्थळावरचा कल चुकेल. टेबलावरच्या यंत्रातील आकडा, प्रतिनिधींनी टिपलेला आकडा आणि स्वाक्षरीचा कागद जसाच्या तसा राहील. निकाल जाहीर होतो तो त्या कागदांवरून. मुंबई उपनगरच्या निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी जून २०२४ मध्ये पत्रकार परिषद घेऊन हेच सांगितले होते. अधिकाऱ्यांच्या शब्दावर विश्वास नसेल तर हरकत नाही. यंत्राला ओटीपी लागत नाही हे कीर्तिकरांच्या पक्षाचा मोजणीच्या टेबलावर बसलेला कोणताही कार्यकर्ता सांगू शकेल.

दुसरा दावा निकाल फिरवल्याचा, आणि येथे आकडेच बोलतात. यंत्रांतील मतांची मोजणी संपली तेव्हा कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि वायकर यांना ४,५१,०९४ मते होती. म्हणजे यंत्रांनी कीर्तिकरांना एका मताची आघाडी दिली होती. टपाली मतांत कीर्तिकरांना १,५०१ आणि वायकरांना १,५५० मते पडली. बेरीज केली की ४,५२,५९६ विरुद्ध ४,५२,६४४ होते आणि फरक ४८ उरतो. हा निकाल यंत्राने दिलेलाच नाही, तो कागदी मतांनी ठरला. ओटीपीने यंत्र उघडून हेराफेरी करणाऱ्याने आपल्याच उमेदवाराला एका मताने मागे ठेवले, असे मानल्याशिवाय हा दावा उभा राहू शकत नाही, आणि मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी एवढा एक हिशेब करून पाहिला असता तरी पुष्कळ गोंधळ वाचला असता.

कीर्तिकर आधी विजयी घोषित झाले होते, हेही खरे नाही. काही वाहिन्यांनी त्यांच्या विजयाच्या पट्ट्या चालवल्या होत्या. वाहिनीवरची पट्टी म्हणजे निकालाची घोषणा नव्हे. वायकरांच्या मागणीवरून बाद ठरलेली १११ टपाली मते पुन्हा तपासण्यात आली, आणि येथेच डाव साधला असे काही जण म्हणतात. पण जय-पराजयाचे अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्यापूर्वी ती सर्व मते पुन्हा तपासणे आयोगाच्या सूचनांप्रमाणे बंधनकारकच असते. एका मताच्या फरकावर ती तपासली नसती, तर तक्रारीला तेच मोठे कारण ठरले असते.

मजकुरातील मोबाइलचा भाग मात्र खरा आहे, आणि तो सौम्य करून सांगण्याची माझी इच्छा नाही. मतमोजणी केंद्रात ज्याला मोबाइल बाळगण्याची परवानगी नव्हती त्या उमेदवाराच्या नातेवाइकाच्या हाती निवडणूक कर्मचाऱ्याचा मोबाइल गेला, असा आरोप झाला. वनराई पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, पण तोही दहाएक दिवसांनी. ज्या केंद्रात ४८ मतांवर एक खासदार ठरला, तेथील शिस्तीचा हा भंग गंभीर आहे. त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रीकरण मागितल्यावर न्यायालयाचा आदेश आणा, असे सांगण्यात आले. याच मतदारसंघातील ३३३ प्रदत्त मतांचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या टेंडर व्होटचा, प्रश्नही कीर्तिकरांच्या याचिकेत होता. आपल्या नावावर कोणीतरी आधीच मत देऊन गेले आहे असे कळल्यावर खऱ्या मतदाराला कागदी मतपत्रिका मिळते, ती पाकिटात वेगळी ठेवली जाते आणि मोजणीत धरली जात नाही. ४८ च्या फरकापुढे ३३३ हा आकडा लहान नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती याचिका फेटाळली. बोगस मतांमुळे निकालावर परिणाम झाला असे दाखवणारा पुरेसा तपशील याचिकेत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. एकाच मतदारसंघात इतक्या मतदारांच्या नावावर दुसरे कोणी मत देऊन गेले असेल, तर ओळख पटवण्याच्या व्यवस्थेत भोक आहे हे उघड आहे, आणि त्यावर बातम्या व्हायला हव्या होत्या. झाल्या त्या ओटीपीवर.

येथून आपण माध्यमांच्या दाव्याकडे येतो. बातमी दाबली गेली, हे म्हणणे वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. ओटीपीची बातमी मुंबईच्या ‘मिड-डे’ने १६ जून २०२४ रोजी ठळकपणे छापली. त्याच्या आदल्याच दिवशी इलॉन मस्क यांनी इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्रे रद्द करावीत असे समाजमाध्यमावर लिहिले होते, त्यामुळे वातावरण आधीच तापलेले होते. राहुल गांधी यांनी बातमीचे कात्रण जोडून भारतातील यंत्रे ‘ब्लॅक बॉक्स’ असल्याची टीका केली आणि देशभरातील वाहिन्यांना दिवसभराचा विषय मिळाला. ‘मिड-डे’ने लगोलग आपली चूक मान्य करून खेद व्यक्त केला, पण खेदाच्या चौकटीला मूळ बातमीच्या शतांशानेही वाचक मिळाले नाहीत. दाबले गेलेच असेल तर ते हे स्पष्टीकरण. एका बाजूच्या वाहिन्यांनी ओटीपीचा दावा खोटा ठरताच मोबाइलचा गुन्हाही त्याच्याबरोबर गुंडाळून टाकला आणि ‘विरोधक तोंडघशी’ एवढेच दाखवले, तर दुसऱ्या बाजूच्यांनी खेदाची चौकट कधी दाखवलीच नाही. पक्षपात असतो तो असा, काय सांगायचे आणि काय गाळायचे याच्या निवडीत. वृत्तपत्राला बदनामीच्या कलमांखाली नोटीस पाठवण्याचा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचा पवित्राही मला मान्य नाही, कारण चुकीच्या बातमीवर ठळक दुरुस्ती मिळवता येते, फौजदारी कलमांचा धाक दाखवला की पुढचा वार्ताहर खरी बातमी द्यायलाही कचरतो.

महाराष्ट्रातील माध्यमे पैशाला वश झाल्याचा पुरावा हवा असेल, तर त्यासाठी ओटीपीपर्यंत जावे लागत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी पानेच्या पाने मराठी वृत्तपत्रांत आली, एकच मजकूर प्रतिस्पर्धी दैनिकांत जसाच्या तसा छापला गेला, आणि चव्हाण यांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणले. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये चव्हाण यांच्याविरुद्ध काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने नंतर रद्द केला, हेही नोंदवले पाहिजे. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजविषयी, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचाराविषयी, २०१० मध्ये वृत्तपत्रांची नावे घेऊन अहवाल तयार केला, तर कौन्सिलनेच तो पूर्ण प्रसिद्ध केला नाही. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो लोकांसमोर आला. माध्यमांनी दाबलेली बातमी म्हणतात ती ही, आणि ती कागदपत्रांनिशी सिद्ध झालेली आहे.

विधानसभेविषयीचे दोन दावे आता पाहू. २० नोव्हेंबर २०२४ रोजी सायंकाळी पाच वाजता मतदान ५८.२२ टक्के सांगितले गेले आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला, म्हणजे पाचनंतर सुमारे ७६ लाख मते वाढली, हे अशक्य आहे, असा पहिला दावा. राज्यात मतदान केंद्रे एक लाखाहून अधिक होती. एका केंद्रावर पाचनंतर सरासरी पाऊणशे मते, एवढाच त्याचा अर्थ. मतदान सहापर्यंत चालते आणि सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन मत देऊ दिले जाते, शिवाय पाचचा आकडा फोनाफोनीतून व ॲपवरून गोळा केलेला अंदाज असतो. त्याच संध्याकाळी प्रत्येक केंद्रावर पोलिंग एजंटांना १७ सी नमुन्याच्या प्रती मिळतात. मागाहून मते घुसवली असतील, तर एजंटाच्या हातातील आकडा आणि मोजणीतील आकडा यांत फरक पडेल, आणि असा फरक दाखवणारा नमुना हाच त्याचा पुरावा होईल.

दुसरा दावा पाच लाख जादा मतांचा. यंत्रांत पडलेली मते ६,४०,८८,१९५ आणि मोजलेली ६,४५,९२,५०८, म्हणून ५,०४,३१३ मते हवेतून आली, असे सांगितले जाते. पहिल्या आकड्यात टपाली मते धरलेली नाहीत, दुसऱ्यात आहेत, आणि ती पाच लाखांहून अधिक होती. उस्मानाबाद मतदारसंघ घ्या : तेथे ४,१५५ मते जादा असल्याचा गाजावाजा झाला, तेथे टपाली मते आली ४,३३०, बाद झाली १७५, उरली ४,१५५. सगळीकडे हिशेब इतका नेमका जुळत नाही, कारण काही केंद्रांवर सराव मतदानाचे आकडे पुसायचे राहून जातात आणि निकालावर परिणाम होत नसेल तर अशी यंत्रे मोजणीतून बाजूला ठेवली जातात. पण ही बाब आयोगाने आपण होऊन, मतदारसंघनिहाय तक्त्यात आधीच मांडली असती, तर संशयाला एवढे खतपाणी मिळाले नसते.

मतदार याद्यांचा प्रश्न मात्र मी या दाव्यांच्या पंक्तीत बसवणार नाही. लोकसभा ते विधानसभा या काही महिन्यांत राज्याच्या यादीत आयोगाच्याच म्हणण्याप्रमाणे निव्वळ ४०,८१,२२९ नावे वाढली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रारूप यादीत सुमारे ११ लाख नोंदी दुबार असल्याचे समोर आले. दुबार नावाचा अर्थ दुबार मतदान असा होत नाही. तरीही यादी हातात घेऊन घरोघरी पडताळता येणारी ही गोष्ट आहे.

शेवटचा दावा, यंत्र तपासूच देत नाहीत हा. पुण्यातील पर्वती मतदारसंघाच्या २०१४ च्या निकालावरील याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने यंत्र न्यायवैद्यक तपासणीसाठी हैदराबादला पाठवले होते. फेरफार आढळला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे प्रोग्राम साठवलेल्या चिपची, तपासणी मागण्याचा हक्क दिला. विधानसभेच्या मोजणीत प्रत्येक मतदारसंघातील पाच, अशा १,४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि त्या यंत्रांशी जुळल्या.

चित्रीकरणाबाबत मात्र दार खरोखर बंद होते आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने निवडणूक संचालन नियमांतील ९३ वा नियम बदलून सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांच्या पाहणीतून वगळल्या, आणि ३० मे २०२५ रोजी आयोगाने निकालाला आव्हान नसेल तर चित्रीकरण ४५ दिवसांनी नष्ट करण्याची सूचना दिली. निवडणूक याचिकेची मुदतही तेवढीच असल्याने, ज्या चित्रीकरणावरून याचिका करायची ते याचिका दाखल होईपर्यंत उमेदवाराला पाहायलाच मिळत नाही. मतमोजणी केंद्राचे चित्रीकरण उमेदवाराला शुल्क भरून निकालानंतर आठवड्याभरात मिळावे, प्रत्येक केंद्राचा १७ सी नमुना मतदानाच्या दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर यावा, आणि प्रदत्त मतांची केंद्रवार संख्या निकालपत्रातच छापली जावी, या तीन मागण्यांसाठी कायद्यात फार मोठा बदलही लागत नाही.