बार्नेटना कोणी मारलं ते नंतर, आधी ते काय काम करत होते ते तरी नीट सांगा

अहमदाबादच्या अपघातानंतर आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला, तो अजून अधूनमधून उगवतो. मजकूर साधारण असा: 'जॉन बार्नेट, बोइंगचा इंजिनिअर. 737 मॅक्समधल्या चुका बाहेर काढल्या म्हणून त्याला हाकललं. अमेरिकेच्या संसदेपुढे साक्ष द्यायच्या आदल्या रात्री त्याला संपवलं. मला काही झालं तर ती आत्महत्या नसेल, असं तो आधीच सांगून गेला होता. पोलिसांनी दोन दिवसांत फाइल बंद केली. अहमदाबादला पडलेल्या विमानाबद्दलच तो ओरडून सांगत होता.' शेवटी जोडलेले हात आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'.

पाठवणारे काका सज्जन आहेत, म्हणून ग्रुपवर वाद घातला नाही. पण माझी अर्धी नोकरी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत गेली. बार्नेटही क्वालिटीवालेच, त्यामुळे गप्पही बसवेना.

इंजिनिअर वगैरे सोडा, ते क्वालिटी मॅनेजर होते. बोइंगमध्ये 32 वर्षं. 2010 पासून साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ चार्ल्सटनच्या कारखान्यात, आणि तिथे 737 बनतच नाही, 787 ड्रीमलायनर बनतं. 737 कुठून घुसलं याचा अंदाज करता येतो. जानेवारी 2024 मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या 737 मॅक्सचा दाराएवढा तुकडा हवेत उडाला, तेव्हा माध्यमांनी बार्नेटना गाठलं आणि ते बोललेही. शिवाय बार्नेट गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 30 एप्रिलला, जोशुआ डीन वारले. 737 मॅक्सच्या भागांमधल्या दोषांवर बोट ठेवणारे ते. पण ते बोइंगचे नव्हते, बोइंगला भाग पुरवणाऱ्या विचिटाच्या स्पिरिट एरोसिस्टिम्सचे होते, आणि गेले ते इस्पितळात, जंतुसंसर्गाने. दोन माणसांचा मेसेजमध्ये एक झाला.

हाकललं? नाही. 2017 मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते निवृत्त झाले. तक्रारी केल्या म्हणून आपला छळ झाला, बढत्या अडवल्या, असा त्यांचा दावा होता. कंपनीने तो नाकारला आणि ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. मार्च 2024 मध्ये ते चार्ल्सटनला आले होते ते त्याच खटल्यातल्या जबानीसाठी. संसदेचा इथे संबंध नाही. आणि 'साक्षीच्या आदल्या रात्री' हे तर उलटंच आहे. बोइंगच्या वकिलांनी त्यांना प्रश्न विचारून झाले होते, त्यांच्या स्वतःच्या वकिलांनीही विचारले होते. उरलेलं शनिवारी, 9 मार्चला व्हायचं होतं. ते आले नाहीत म्हणून शोध घेतला, तर हॉटेलच्या आवारात स्वतःच्या गाडीत मृतावस्थेत सापडले. वय 62. म्हणजे तोंड बंद करायला कोणी आलंच असेल, तर फार उशिरा आलं.

'मला काही झालं तर' हे वाक्य मात्र हवेतून आलेलं नाही. त्यांच्या ओळखीच्या एका बाईंनी ते मृत्यूनंतर तिथल्या टीव्ही वाहिनीला सांगितलं. वकीलही म्हणाले की असं काही करतील याची चिन्हं दिसली नव्हती. संशय येणं साहजिकच होतं. पण ते एका व्यक्तीने आठवून सांगितलेलं बोलणं आहे, बार्नेटनी लिहून ठेवलेलं किंवा कॅमेऱ्यासमोर बोललेलं नाही. पोलिसांचा तपास दोन दिवसांत नव्हे, 17 मे रोजी, दोन महिन्यांहून अधिक काळाने संपला. गाडी आतून बंद, किल्ली त्यांच्याच खिशात, चिठ्ठी लिहिलेल्या वहीवर फक्त त्यांचे ठसे, हॉटेलच्या कॅमेऱ्यात गाडीजवळ दुसरं कोणी नाही. निष्कर्ष आत्महत्या. घरच्यांनी 2025 मध्ये बोइंगवर दावा ठोकला, त्यातही खुनाचा आरोप नाही. बंदुकीचा चाप कंपनीने ओढला नसेल, पण तिने त्यांना जसं वागवलं त्यातूनच हे घडलं, असं ते म्हणतात. मला हा आरोप खुनाच्या गोष्टीपेक्षा जास्त जड वाटतो.

आता अहमदाबाद. चार्ल्सटनमध्ये जोडलेलं पहिलं ड्रीमलायनर 2012 मध्ये एअर इंडियालाच मिळालं, हे खरं. पण 12 जून 2025 ला अहमदाबादला पडलेलं एअर इंडियाचं ड्रीमलायनर (नोंदणी क्रमांक व्हीटी-एएनबी) वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटला जोडलेलं होतं. सगळ्याच 787 च्या धडाचा मागचा भाग चार्ल्सटनमधून येतो, तेवढा धागा उरतो. अपघाताच्या प्राथमिक अहवालात आहे ते इंधनाचे दोन्ही स्विच 'रन'वरून (चालू) 'कटऑफ'वर (बंद) गेल्याचं. बार्नेटनी सांगितलेलं त्यात काही नाही.

काय सांगितलं होतं त्यांनी? नटबोल्ट आवळताना टायटॅनियमचा धारदार कीस सुटतो, तो विमानाच्या जमिनीखाली वायरींच्या जुडग्यांवर पडून राहतो. आणीबाणीच्या ऑक्सिजनच्या 300 बाटल्या तपासल्या, त्यातल्या 75 नीट चालल्या नाहीत. आणि नापास झालेले भाग गायब होतात, एकदा तर भंगारातून उचलून विमानाला बसवले गेले. कंपनीने त्यांचे आरोप फेटाळले, पण काही बाटल्या सदोष निघाल्याचं मान्य केलं. त्या पुरवठादाराकडून आल्या होत्या आणि काढून टाकल्या, असं तिचं म्हणणं.

गायब होणाऱ्या भागांशी मी थांबतो, कारण हे मी हाताने केलेलं काम आहे. आमच्याकडे नापास पीसला लाल टॅग लागायचा, जाळीच्या खोलीत कुलूपबंद व्हायचा, रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे दोनच शब्द येऊ शकायचे: दुरुस्त, नाहीतर भंगार. महिनाअखेर डिस्पॅच अडला की जाळीच्या किल्लीसाठी प्रॉडक्शनवाले कसे गोड बोलायचे, ते मी पाहिलंय. 'हरवला' असा रकाना रजिस्टरमध्ये नव्हताच. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने 2017 मध्ये बार्नेटची ही तक्रार तपासली, तेव्हा निदान 53 नापास भाग कुठे आहेत ते कारखान्याला सांगता आलं नाही. खात्याने ते हरवले असं धरलं.

काका, तुमच्या मेसेजमध्ये ही 53 ची गोष्ट कुठेच नाही.