खुब्याला टोपी येईपर्यंत

अभिनंदन. पन्नाशीच्या आत खुबा झिजवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यातून तुम्हाला टोटल हिप, म्हणजे अख्खा कृत्रिम सांधा, नको, झिजलेल्या हाडावर चढवायची टोपीच हवी आहे, आणि ती टोपी अजून अमेरिकेत सरकारी मंजुरीच्या रांगेत आहे असं कळतं. तर बसा. म्हणजे, बसू नका, उठताना हाल होतील. भिंतीला टेकून वाचा.

या रांगेत मी तुमच्यापेक्षा जरा पुढे उभी आहे. न्यू जर्सीत राहते, डावा खुबा, तीन वर्षं. त्यामुळे सल्ला द्यायचा अधिकार मला आपोआप मिळालेला आहे.

नवख्यांसाठी थोडक्यात. टोटल हिपमध्ये मांडीच्या हाडाचं डोकं मानेपासून कापून टाकतात, हाडाच्या पोकळीत धातूची दांडी ठोकतात आणि तिच्यावर नवा गोळा बसवतात. रिसरफेसिंगमध्ये डोकं ठेवतात. झिजलेला भाग तासतात आणि वर टोपी चढवतात, दाताला कॅप बसवतात तशी. समोरच्या वाटीत पातळ वाटी. हाड शिल्लक राहतं, म्हणजे पुढे कधी दुसरं ऑपरेशन करायची वेळ आलीच तर कापायला काहीतरी उरतं. गोळा मोठा असल्याने सांधा सहसा निखळत नाही. मराठीत टोपी घालण्याचा आणखी एक अर्थ आहे, तो पुढे लागेल.

सुरुवात काठीपासून करा. काठी दुखऱ्या बाजूच्या उलट हातात धरायची असते. डावा खुबा तर उजवा हात. हे फिजिओथेरपिस्ट सोडून कुणालाही पटत नाही. भेटेल तो माणूस तुमच्या हातातून काठी काढून दुसऱ्या हातात देईल आणि वर 'अगं, अशी धर' म्हणेल. भांडू नका, त्याची पाठ वळली की पुन्हा बदला. दुखतं कुठे हेही सांगत बसू नका. खुबा म्हटला की लोक कंबरेला हात लावतात. खरं दुखतं जांघेत, आणि हळदीकुंकवात जांघेकडे बोट दाखवायची सोय नाही. 'जरा मणक्याचं आहे' म्हणा. मणका सगळ्यांना चालतो.

आता मुख्य मुद्दा, तुमचं डोकं केवढं आहे? खांद्यावरचं नव्हे. माझं 44 मिलिमीटर. सर्जनने पडद्यावर दोन बोटांनी मापून दाखवलं आणि नवऱ्यामुलाकडची मंडळी 'मुलगी तशी छान आहे' म्हणतात त्या सुरात म्हणाला, हाड तसं उत्तम आहे. मग कळलं की अमेरिकेत ज्या टोपीला रीतसर मंजुरी आहे, ती बर्मिंगहॅमची टोपी, तिचे लहान आकार कंपनीने 2015 साली स्वतःच बाजारातून काढून घेतले. 46 मिलिमीटर आणि त्याखालचे सगळे. बायकांना ती बसवू नये अशी सूचनाही सोबत आली. कारण खोटं नव्हतं. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरतं, लहान डोक्यांमध्ये हा त्रास जास्त दिसला, आणि लहान डोकी बहुतेक आमचीच. तेव्हा माझा पहिला ठोस सल्ला असा: पुढच्या जन्मी 48 मिलिमीटरच्या वरचं डोकं घेऊन या. तेवढं जमत नसेल तर निदान पुरुष व्हा. वडाला फेऱ्या मारतानाच मागून ठेवलेलं बरं.

तुम्हाला टेनिसपटू अँडी मरेचा फॉरवर्ड येईल. येईलच. जानेवारी 2019 मध्ये त्याच्या खुब्यावर टोपी बसली आणि त्याच ऑक्टोबरात त्याने अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. मला तो आतापर्यंत अकरा जणांनी पाठवला आहे, त्यात एक माझी सासू. खाली लिहिलेलं असतं, 'बघ, मनात आणलं तर!' उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवा. तो पुरुष आहे आणि त्याच्या टोपीला मंजुरी होती, हे सांगायला जाल तर लोक तुम्हाला नकारात्मक म्हणतील.

मंजुरी एवढी उशिरा का मिळते, असा प्रश्न तुमच्या मनात येत असेल. तो आला की समजा, तुम्हाला लग्नं कशी जमतात हे ठाऊक नाही. औषधं आणि वैद्यकीय साधनांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएला दोन दरवाजे आहेत. पुढच्या दरवाजाने जायचं तर माणसांवर चाचण्या करा, वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा ठेवा, कागदांचे गठ्ठे आणा आणि वस्तू सुरक्षित आहे, उपयोगी आहे हे सिद्ध करा. रिसरफेसिंगच्या टोप्यांना हाच दरवाजा. दुसरा दरवाजा बाजूला आहे, त्याचं नाव 510(के). तिथे स्थळाची फार चौकशी होत नाही, घराणं बघतात. आधीच बाजारात असलेल्या एखाद्या साधनाशी तुम्ही 'बऱ्यापैकी सारखे' आहात एवढं दाखवलं की झालं. मुलगा काय करतो विचारू नका, अमक्यांचा पुतण्या आहे ना, मग पुरे.

डिप्यू कंपनीचा एएसआर नावाचा सांधा होता. जॉन्सन अँड जॉन्सनच्या घरातला, म्हणजे खानदानी. त्याची दोन रूपं. एक टोपी आणि एक टोटल हिप, आणि दोघांना वाटी तीच. टोपी पुढच्या दरवाजात उभी राहिली. तिच्या सख्ख्या भावाला, एक्सएल नावाच्या टोटल हिपला, 2005 साली बाजूच्या दरवाजाने आत घेतलं. 2009 मध्ये एफडीएने कंपनीला कळवलं की टोपीला मंजुरी देता येत नाही. भाऊ तोवर चार वर्षं घराघरांत नांदत होता. 24 ऑगस्ट 2010 ला कंपनीने दोन्ही परत मागवले, जगभरात सुमारे 93 हजार. पाच वर्षांच्या आत साधारण आठातल्या एकाचं ऑपरेशन पुन्हा करावं लागत होतं.

2013 साली काही संशोधकांनी या एक्सएलची वंशावळ काढली. नात्यात नातं लावत ते 95 साधनांपर्यंत पोचले, पाच दशकांहून मागे. मूळपुरुषांपैकी काही धातूचे सांधे असे निघाले की ते जास्त बिघडतात म्हणून डॉक्टरांनी कधीच वापरायचे सोडून दिले होते. खापरपणजोबा वेडे होऊन गेले, पण पत्रिका जुळली! म्हणून सांगते, तुमच्या टोपीच्या कंपनीला पत्र लिहायचंच असेल तर चाचण्यांचं विचारू नका. एखादा लांबचा काका शोधा म्हणावं.

इथे माझी पंचाईत होते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. रांगेला शिव्या घालायला मी रोज सकाळी मोजे चढवताना तयार असते (मोजा चढवणं म्हणजे काय ते झिजल्याशिवाय कळायचं नाही; मी पक्कडीसारखा एक चिमटा आणलाय). पण त्याच रांगेने ती वाईट टोपी अमेरिकेबाहेर ठेवली, हेही खरं आहे. भारतात अशी रांग नव्हती. तिकडे एएसआर आला आणि सुमारे 4,700 शस्त्रक्रियांमध्ये बसला. परत मागवल्यावर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये मुंबईत गुन्हा नोंदवला. केंद्राची तज्ज्ञ समिती बसली 2017 मध्ये, आणि नोव्हेंबर 2018 मध्ये भरपाईचं सूत्र ठरलं, 30 लाखांपासून 1 कोटी 23 लाखांपर्यंत. पैसे द्यायला पेशंट शोधू गेले तर हजारोंचा पत्ताच लागेना. कुणाच्या खुब्यात काय बसवलंय याची धड वहीच नव्हती. ऑस्ट्रेलियात अशी नोंदवही होती म्हणून हा सांधा बिघडतोय हे त्यांना लवकर दिसलं. भारतातल्या पेशंटांसाठी माझ्याकडे वेगळा सल्ला नाही. तुम्हाला टोपी मिळाली, तीही न मागता, मराठी अर्थाने.

जुन्या काळी संशोधकांना स्वतःचीच मांडी पुरायची. टोटल हिपचे जनक सर जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या, त्या झिजून पेशंटांचे हाल झाले, तेव्हा त्यांनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून बघितलं काय होतं ते. मग 1962 मध्ये पॉलिएथिलिनवर आले. ही चाचणी कंपन्यांच्या संचालक मंडळावर सक्तीची केली तर दोन्ही दरवाजांवरची गर्दी बरीच हटेल असं मला वाटतं. पण मला कोण विचारतं.

थांबणं अगदीच असह्य झालं तर प्रवास करा. याला परंपरा आहे. बर्मिंगहॅमची टोपी इंग्लंडमध्ये डेरेक मॅकमिन यांनी 1997 मध्ये आणली आणि अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली 9 मे 2006 ला. मधली नऊ वर्षं अमेरिकन माणसं काय करत होती? बॅग भरत होती. कुणी बेल्जियममधलं गेंट गाठलं, कुणी चेन्नई. चेन्नईत डॉ. विजय बोस ही टोपी बसवत होते, आणि कॅलिफोर्नियातली, टेक्ससची गोरी माणसं कुबड्या घेऊन तिथे इडली खात बरी होत होती. नेमके त्याच काळात आमचे एक काका पुण्याहून फोन करून म्हणायचे, 'गुडघ्याचं काहीतरी बघ ना तिकडे, इकडे काही खरं नाही.' काखेत कळसा म्हणतात तो हा. फक्त कळसा कुणाच्या काखेत आहे ते दर दहा वर्षांनी बदलतं.

आता नवा कळसा ऑस्ट्रेलियात आहे. तिथे 2018 मध्ये सिरॅमिकची टोपी बसवायला सुरुवात झाली. इंग्लंडमध्ये इम्पीरियल कॉलेजच्या मंडळींनी अशीच दुसरी 2017 मध्ये बसवली. धातू नाही, त्यामुळे कोबाल्ट नाही, आणि लहान डोक्यांचे आकारही आहेत. रंग गुलाबी. खरंच, त्या सिरॅमिकचा रंगच तसा असतो, लग्नातल्या पेढ्यांच्या डब्यासारखा. फोटोत छोट्या गुलाबी अळंबीसारखी दिसते. माझा सर्जनही मोबाइलवर तो फोटो बघून दोन सेकंद गप्प झाला. मग म्हणाला, 'इथे आली की आधी तुम्हालाच कळवतो.' हे तो किती जणींना म्हणाला असेल ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

विमानाचं तिकीट काढण्याआधी विमा कंपनीला फोन करा, करमणूक म्हणून. पंचेचाळीस मिनिटं बासरी ऐकवतील, मग एक गोड मुलगी सांगेल की मंजुरी नसलेली वस्तू म्हणजे प्रयोग, आणि प्रयोगाचे पैसे मिळत नाहीत. मंजूर असलेली का मिळत नाही विचारलंत तर ती म्हणेल, तुम्ही स्त्री आहात. परदेशात जाऊन आलात आणि पुढे काही बिनसलं, तर इथला डॉक्टर दुसऱ्याच्या हातच्या कामाला हात लावायला कां-कूं करेल. आपल्याकडे दुसऱ्या प्लंबरने बसवलेल्या नळाचं जे होतं तेच.

नव्या टोपीच्या चाचणीत नाव घालता येतं असंही कुणी सांगेल. जरूर घाला. वय बसलं, वजन बसलं, हाड दाट निघालं आणि दुसरा खुबा धडधाकट असला की तुमचा विचार होईल. थोडक्यात, ज्याला फारसं काही झालेलं नाही असा पेशंट त्यांना हवा आहे.

'मग टोटल हिप का नाही करून टाकत?' हा प्रश्न सगळ्यात जवळची माणसं विचारतात, आणि तो मूर्खपणाचा नाही. आजची टोटल हिप चांगली असते. अर्ध्याहून जास्त पंचवीस वर्षं टिकतात असं मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. मी 47 ची आहे. पंचवीस मिळवा, बहात्तर. आमच्याकडे आजी एक्क्याण्णवाव्या वर्षी जिन्यावरून उतरून दूध आणत होती. हे गणित मी रात्री दोनला करते, कुशीवर वळता येत नाही तेव्हा. दिवसा करू नये, चेहऱ्यावर दिसतं.

थांबण्याचं एक तंत्र मात्र शिकून घ्या, ते म्हणजे किती थांबायचं. टोपी बसायला खाली डोकं लागतं. इंजेक्शनं घेत, काठी बदलत, फॉरवर्डला हात जोडत तुम्ही थांबलात आणि तोवर हाडात मोठ्या पोकळ्या पडल्या किंवा पाळी जाऊन ते ठिसूळ झालं, तर मंजुरीचा कागद येईल आणि सर्जन म्हणेल, अरेरे, आता टोटल हिपच. बैल गेला आणि झोपा केला. फायलीत ती केस 'मंजुरीनंतर अपात्र' अशी सुद्धा नोंदली जाणार नाही, कारण तुम्ही कुठल्याच चाचणीत नव्हता.

म्हणून दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढा. परवाच जाऊन आले. खुब्याच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये मऊ, खोलगट सोफे आहेत, गुडघे छातीशी येतील असे. आम्ही सात जण होतो आणि सातही भिंतीला टेकून उभे होतो. सोफ्यावर फक्त नवरे बसले होते. नर्सने दाराशी येऊन नाव पुकारलं, आणि नेहमीप्रमाणे माझा नवरा आधी उठला.