मग स्टॅटिन कशाला? या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "धमनीतल्या ब्लॉकेजमागे रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात, सूज हेच मूळ, असं तुम्हीच म्हणता. म्हणजे कोलेस्टेरॉल निर्दोष. मग अँजिओप्लास्टी झालेल्या माझ्या वडिलांनी स्टॅटिन का गिळायचं? सूज उतरवणारी गोळी घेतली की झालं." शाळेत ज्यांना शरीराचे सैनिक म्हणून शिकलो त्यांनाच मी गुन्हेगार ठरवलं, हाही तुमचा आक्षेप आहे.

एक चूक आधी मान्य करतो. 'सूज हेच मूळ' हे वाक्य मी लिहायला नको होतं. त्यातूनच तुमचा पुढचा सगळा तर्क निघालाय, आणि तो तुमच्या वडिलांच्या गोळीपर्यंत, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनपर्यंत, जाऊन पोहोचलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पांढऱ्या पेशी धमनीच्या भिंतीत उगाच शिरत नाहीत. आधी एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण आतल्या अस्तराखाली जाऊन अडकतात आणि तिथे हळूहळू बिघडतात. त्यामुळे अस्तर चिकट होतं. रक्तातून वाहत जाणारी मोनोसाइट ही पांढरी पेशी तिथे चिकटते, भिंतीत उतरते आणि तिची मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी बनते. मग ती नेमून दिलेलं काम करते, समोरची घाण खाते. एरवी पेशीचं पोट भरलं की नेहमीच्या वाटेने येणारं एलडीएल ती थांबवते. बिघडलेलं एलडीएल मात्र दुसऱ्या दाराने आत येतं, आणि त्या दाराला असा अटकावच नाही. पेशी खात राहते, चरबीने फुगते आणि सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसू लागते. फोम सेल म्हणतात ती हीच. अशा पेशी तिथेच मरतात, त्यांचा लगदा साचतो. उरलेल्या पेशींतून पाझरणारी विकरं (एन्झाइम) त्यावरचं तंतूंचं झाकण पातळ करत जातात. ते फाटलं की आतला लगदा रक्ताला भिडतो, गुठळी होते आणि अॅटॅक येतो.

१९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्यांच्या भिंतीत अशाच चरबीने फुगलेल्या पेशी पाहिल्या. तेव्हा पेशी आणि कोलेस्टेरॉल ही भांडणातली दोन टोकं नाहीत, एकाच साखळीच्या कड्या आहेत. पेशी गुन्हेगार आहे असं मला खरोखरच वाटत नाही. न संपणारं काम तिच्यापुढे वाढून ठेवलं जातं आणि स्टॅटिन रक्तातलं एलडीएल घटवून ते वाढणं कमी करतं.

आता सूज उतरवण्याबद्दल. तुमचा मुद्दा पोकळ नाही. २०१७ च्या कँटोस चाचणीत अॅटॅक येऊन गेलेले आणि रक्तात सीआरपी (सूज असल्याचं दाखवणारं प्रथिन) वाढलेले १०,०६१ रुग्ण होते. त्यांतल्या काहींना कॅनाकिनुमॅब या सूज उतरवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. एलडीएल होतं तिथेच राहिलं, तरी १५० मिलिग्रॅमच्या गटात पुढचे अॅटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. सूज स्वतंत्रपणे घात करते याचा हा भक्कम पुरावा आहे. पण त्यातले बहुतेक रुग्ण स्टॅटिन घेतच होते, म्हणजे हा फायदा स्टॅटिनच्या जोडीने मिळालेला. शिवाय जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत ठोस फरक पडला नाही. सैनिकांचे हात बांधले की वेशीवर कुणी उरत नाही, इथे तुमची शाळेतली उपमा अगदी बरोबर आहे.

आणि कुठलीही सूज उतरवून चालत नाही. सांधेदुखीतलं मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत वापरून पाहिलं, हृदयाला फायदा झाला नाही. रोफेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी तर अॅटॅकचा धोका वाढवते म्हणून २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली. अॅटॅकनंतर मेलेला स्नायू उपसायला पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पोहोचतात, मागोमाग मोनोसाइट येतात, आणि त्यांच्याच मदतीने तिथे व्रण धरतो. तो कच्चा राहिला तर हृदयाची भिंत फुगते, क्वचित फाटतेही.

कॉल्चिसिनबद्दल तुम्ही विचाराल. गाउट या सांध्यांच्या आजारावरचं, सूज उतरवणारं हे जुनं औषध रोज अर्धा मिलिग्रॅम देऊन २०१९ आणि २०२० च्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला, २०२४ च्या चाचणीत दिसला नाही. कुणाला द्यायचं हे डॉक्टरच ठरवू शकतात. पावसाळ्यात आपल्याकडे कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असतं, आणि तो कंद खाऊन माणसं दगावतात. घरगुती उपाय म्हणून कुणी सुचवला तर ऐकू नका.

वडिलांची गोळी तुम्ही बंद केली आहे की नुसता विचार आहे, ते प्रतिक्रियेवरून कळलं नाही. बंद केली असेल तर उद्यावर ढकलू नका, त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन करा. गोळीने पाय दुखतात किंवा थकवा येतो अशी तक्रार असेल तर तीही सांगा. मात्रा कमी करता येते, दुसरं औषध देता येतं. काय ठरलं ते इथे नक्की कळवा, मी वाट पाहतोय.