बॅटरी कोणाच्या नावावर?

विजेवर चालणाऱ्या मोटारींची बॅटरी तीन-चार मिनिटांत बदलून देणारे केंद्र आता आपल्याकडेही येणार, अशी चर्चा दर काही महिन्यांनी उसळते. तिच्यासोबत फिरणारी चित्रफीत बहुतेक वेळा चीनच्या निओ कंपनीची असते. गाडी आपणहून मागे सरकत एका चौकोनी खोलीत शिरते, खालून यंत्र वर येऊन बोल्ट सोडवते, रिकामा बॅटरी पॅक उतरतो, भरलेला चढतो आणि चालक सीटवरून न उठता बाहेर पडतो. पुण्यातल्या माझ्या भाच्याने हीच चित्रफीत पाठवून विचारले, "मामा, समृद्धीवर हे सुरू होणार म्हणतात. मग गाडी घ्यायची थोडी थांबवू का?" फोनवर एवढे सगळे सांगता आले नसते, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

मी कॅलिफोर्नियात राहतो, आणि या तर्कवितर्कांचा एक मोठा हंगाम इथे केव्हाच येऊन गेला आहे. २० जून २०१३ रोजी टेस्लाने लॉस एंजेलिसजवळ हॉथॉर्न येथे मंचावर मॉडेल एस गाडीची बॅटरी सुमारे दीड मिनिटात बदलून दाखवली. पडद्यावर त्याच वेळी पेट्रोल पंपावरची एक ऑडी टाकी भरून घेताना दिसत होती. तिची टाकी भरेपर्यंत मंचावर दोन गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. याच कल्पनेवर सुमारे ८५ कोटी डॉलरचे भांडवल गोळा केलेली इस्रायलची बेटर प्लेस ही कंपनी दिवाळखोरीत जाऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता, पण टाळ्यांच्या गजरात ते कोणाच्या लक्षात राहणार? त्यानंतरचे दीड वर्ष पहिले केंद्र कुठे उघडणार, कुठल्या महामार्गावर खोदकाम दिसले, याच गप्पा चालू होत्या.

डिसेंबर २०१४ मध्ये ते उघडले हॅरिस रँच येथे, सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस यांच्या साधारण मध्यावर. या दोन शहरांना जोडणाऱ्या आय-५ महामार्गाने प्रवास केलेल्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या कोणाही मराठी माणसाला हे ठिकाण नकाशाशिवाय ओळखता येते, कारण काचा बंद असल्या तरी तिथल्या हजारो गुरांचा वास गाडीत आधी पोहोचतो. चार्जिंगच्या जागेसमोर, पूर्वी गाड्या धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका इमारतीत टेस्लाने आपले यंत्र बसवले. आधी वेळ ठरवून यायचे, तेही आमंत्रण असलेल्यांनीच. मधल्या काळात गाडीच्या तळाला टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचे संरक्षक पत्रे बसवल्यामुळे ते काढून पुन्हा लावण्यात वेळ जाई आणि दीड मिनिटाची तीन मिनिटे होत. तरीही तीन मिनिटे म्हणजे काहीच नाही. मात्र जून २०१५ मध्ये भागधारकांच्या सभेत इलॉन मस्क यांनी सांगितले की सुरुवातीला पाठवलेल्या सुमारे २०० आमंत्रणांपैकी चार-पाच जणांनीच ही सोय वापरून पाहिली, आणि तीही एकेकदाच. प्रकल्प तिथेच संपला. झटपट ऊर्जा भरता येणाऱ्या गाड्यांना कॅलिफोर्नियाच्या प्रदूषणविषयक नियमांत जास्तीचे क्रेडिट (म्हणजे कंपनीला इतर मोटार कंपन्यांना विकता येणारे गुण) मिळत असे, आणि हा सारा खटाटोप तेवढ्यासाठीच होता असा तर्क तेव्हाही केला जात होता. मला तो अगदीच अनाठायी वाटत नाही.

यंत्र नीट चालत असताना लोक का फिरकले नाहीत, याचे मला पटणारे उत्तर त्या योजनेच्या अटींमध्ये आहे. बॅटरी बदलण्याचा खर्च पेट्रोलची टाकी भरण्याइतका, म्हणजे ६० ते ८० डॉलर असेल, असे कंपनीने सुरुवातीला सांगितले होते, तर समोरच्याच जागेतले चार्जिंग मॉडेल एसच्या मालकांना फुकट होते. शिवाय मिळालेली बॅटरी आपली नव्हे. परतीच्या वाटेवर पुन्हा तिथेच थांबून आपली मूळ बॅटरी परत घ्यायची, नाही तर दोन्हींच्या किमतीतला फरक भरायचा. गाडीच्या किमतीतला मोठा वाटा ज्या वस्तूचा, ती मालकाने जपून वापरलेली असते. ती देऊन कोणीतरी कशीही पिदडलेली बॅटरी घ्यायची म्हटल्यावर माणूस बिचकणारच. मशीन पाहून जो आनंद होतो तो इथे संपतो आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हा आपल्या ओळखीचा प्रश्न सुरू होतो.

निओने हा प्रश्न आधी सोडवला, आणि माझ्या मते तिचे खरे कौशल्य रोबोटपेक्षा या व्यवहारात आहे. ऑगस्ट २०२० पासून तिथे बॅटरीशिवाय गाडी विकत घेता येऊ लागली. ७० किलोवॅट-अवर क्षमतेची बॅटरी वगळल्यास गाडीची किंमत ७०,००० युआनने कमी होई आणि बॅटरीचे भाडे महिन्याला ९८० युआन पडे. बॅटऱ्यांची मालकी बॅटरी उत्पादक कॅटल आणि इतर भागीदारांसह उभारलेल्या एका वेगळ्या कंपनीकडे गेली. बॅटरी आपली नाहीच म्हटल्यावर आज ही मिळाली की ती, याची फिकीर उरत नाही. मे २०१८ मध्ये शेन्झेनमध्ये पहिले केंद्र उघडणाऱ्या या कंपनीची आज ३,००० हून अधिक केंद्रे आहेत. अर्थात या जाळ्याची किंमत कंपनीने वर्षानुवर्षे तोटा सोसून मोजली आहे, हे चित्रफितीत दिसत नाही.

आता थोडा हिशेब. निओच्या तिसऱ्या पिढीच्या केंद्रात २१ बॅटऱ्या मावतात आणि दिवसाला जास्तीत जास्त ४०८ वेळा अदलाबदल होऊ शकते, म्हणजे तासाला १७ गाड्या. हा वेग दिवसभर टिकवायचा तर प्रत्येक बॅटरी साधारण सव्वा तासात पुन्हा भरून तयार हवी. उलट २०२१ पर्यंत त्याच हॅरिस रँचला चार्जिंगच्या ९८ जागा झाल्या. प्रत्येक गाडीने अर्धा तास घेतला, तरी तासाला १९६ गाड्या निघतात. एकट्यादुकट्या प्रवाशाला अदलाबदल वेगवान वाटते, पण सलग सुट्ट्यांना सगळे गाव एकाच वेळी बाहेर पडले की तीच सोय चिंचोळी होते. तिचे खरे बळ वेगळे आहे: जागा कमी लागते, आणि गर्दी नसेल तेव्हा बॅटऱ्या सावकाश, स्वस्त विजेच्या वेळी भरून ठेवता येतात. मात्र मार्च २०२५ मध्ये चीनच्याच बीवायडी या मोटार कंपनीने पाच मिनिटांत ४०० किलोमीटरची ऊर्जा भरणारे चार्जिंग जाहीर केल्यापासून वेळेचा मुद्दाही पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही.

भारतात ही कल्पना ई-रिक्षांच्या बाबतीत चांगली रुजली आहे, कारण तिथे बॅटरी हाताने उचलता येते, ती भाड्याची असते आणि रिक्षा उभी राहिलेला प्रत्येक तास चालकाच्या कमाईतून जातो. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या बॅटरी अदलाबदलीच्या धोरणाच्या मसुद्यातही भर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांवरच होता. मोटारीचा शेकडो किलोंचा पॅक तळाशी बोल्टने घट्ट बसवलेला असतो, आणि प्रत्येक कंपनीचा आकार, जोडणी, थंड ठेवण्याची पद्धत वेगळी. टाटांच्या गाडीसाठी बांधलेल्या केंद्रात महिंद्राची गाडी नेऊन उपयोग नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर ही गाडी ९ लाख ९९ हजारांत आणि बॅटरी किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाड्याने देऊ केली, तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ अदलाबदल असाच घेतला. प्रत्यक्षात ती केवळ आर्थिक व्यवस्था आहे: त्या दराने हजार किलोमीटरला साडेतीन हजार रुपये भाडे, विजेचा खर्च वेगळा, आणि बॅटरी जिथे आहे तिथेच. त्यात करांचा तिढा असा की बॅटरीसह गाडी घेतली तर ५ टक्के जीएसटी, सुटी बॅटरी घेतली तर १८ टक्के. बॅटऱ्यांचा साठा बाळगणाऱ्या केंद्रचालकाचे गणित इथेच अवघड होते.

तेव्हा भाच्याला माझे सांगणे हे, की सोसायटीत तुझ्या पार्किंगला चार्जर बसत असेल तर थांबू नकोस. घरी रात्री गाडी चार्ज करणाऱ्याला या केंद्राची गरज वर्षातून चार-सहा वेळा पडणार, आणि तेवढ्यावर कोणी केंद्र चालवू शकत नाही.

आता भाकीतच करायचे, तर माझेही ऐका. महाराष्ट्रात मोटारींसाठी असे केंद्र आलेच, तर ते समृद्धीवर किंवा द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये येईल असे मला वाटत नाही. जिथे शेकडो गाड्या एकाच मालकाच्या, एकाच बनावटीच्या आहेत आणि दोन पाळ्यांत धावतात, अशा एखाद्या टॅक्सी कंपनीच्या विमानतळाजवळच्या आवारात ते आधी दिसेल. बीजिंगमध्येही टॅक्सी हेच त्याचे मोठे गिऱ्हाईक राहिले आहे. त्यामुळे यापुढे अशी बातमी आली की चित्रफितीपेक्षा एवढेच शोधा, की त्या शहरात कोणत्या टॅक्सी कंपनीने बॅटरीशिवाय गाड्या मागवल्या आहेत आणि बॅटऱ्या कोणाच्या ताळेबंदात दाखवल्या जाणार आहेत.